मालकंसचं जुनं रेकॉर्डिंग : एक अ‍ॅप ११ए सांगतं, दुसरं ६ए. याच्याखाली नक्की काय वाजवायचं?

फेडर_गोरेगाव

मंडळी, मदत हवीये. प्रभादेवीला एका छोट्या हॉलमध्ये संध्याकाळी सातला आमचा ग्रुप ऐकण्याचा कार्यक्रम करतोय. नाचगाणं नाही, लोक सतरंजीवर बसून ऐकणार, आणि त्यात साधारण पाऊण तास मी जुनी रेकॉर्डिंग आणि माझे सिंथ असं मिळून सलग वाजवणार आहे. सुरुवातीला मालकंस राग घ्यायचा विचार आहे. रेकॉर्डिंग घरचंच आहे, आजोबांच्या वेळी गिरगावात चाळीतल्या खोलीत झालेली बैठक, पुरुष आवाज, विलंबित एकताल (१२ मात्रांचा ताल, अगदी संथ लयीत), साथीला पेटी आणि तबला, मागे दोन तानपुरे. कॅसेटवर होतं ते मी कंप्युटरवर उतरवलं.

आता प्रॉब्लेम असा की मी दुसऱ्या ट्रॅकशी जुळवायला म्हणून ते दोन वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये टाकलं तर एकाने एफ शार्प मायनर, म्हणजे ११ए सांगितलं, दुसऱ्याने जी मायनर, ६ए. बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, एकात ६०, दुसऱ्यात १२२. ज्यांना हे नंबर माहीत नाहीत त्यांच्यासाठी, कॅमेलॉट चक्र म्हणून एक प्रकार डीजे लोक वापरतात, २४ की, म्हणजे पट्ट्या, घड्याळासारख्या मांडलेल्या असतात, १ ते १२, ए म्हणजे मायनर आणि बी म्हणजे मेजर, आणि शेजारशेजारचे नंबर एकमेकांत छान मिसळतात. ११ए आणि ६ए मध्ये पाच घरांचं अंतर आहे, म्हणजे दोन्ही बरोबर असूच शकत नाहीत.

११ए धरून मी खाली एफ शार्पचा लांब बास लावून बघितला. सूर कुठेही भांडत नाहीत, पण गाणं मालकंस वाटेनासं होतं, काहीतरी हलकंफुलकं वेगळंच वाटायला लागतं. असं का होतंय कोणी सांगू शकेल का?

अनाहत_पवई

चांगला प्रश्न आहे आणि तुला जे ऐकू आलं ते अगदी खरं आहे. आधी अ‍ॅप काय करतं ते सांगतो. ते पूर्ण रेकॉर्डिंगमधला आवाज बारा स्वरांच्या बारा खान्यांत टाकतं, कुठल्या खान्यात किती भरलं ते बघतं आणि मग ते चित्र २४ साच्यांशी ताडून बघतं, बारा मेजर आणि बारा मायनर. जो साचा सगळ्यात जवळ तो उत्तर. यातले सगळ्यात प्रसिद्ध साचे १९८२ साली कॅरल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केस्लर यांनी पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या लोकांना स्वर ऐकवून, कुठला किती 'बसतो' हे विचारून बनवलेत. पुढे अनेकांनी आपापले साचे केले पण मूळ कल्पना तीच, की गाणं एकतर मेजर असेल नाहीतर मायनर. यात राग नाही आणि षड्ज, म्हणजे सा, तोही नाही. फक्त कुठला स्वर किती वेळ वाजला एवढंच.

मालकंसात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. सा जर काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) धरला तर स्वर होतात सी शार्प, ई, एफ शार्प, ए, बी. हेच पाच स्वर एफ शार्प मायनरमध्येही बसतात, ए मेजरमध्येही बसतात, ई मेजर आणि सी शार्प मायनरमध्येही, डी मेजर आणि बी मायनरमध्येही. मशीनला सहा दरवाजे उघडे दिसतात, मग ते सगळ्यात मोठा आवाज जिथून येतो तिथे जातं. आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये सतत सगळ्यात जास्त काय वाजतंय? तानपुरा.

पण ११ए आणि ६ए हे भांडण वेगळ्या कारणाने आहे. एफ शार्प आणि जी मध्ये फक्त अर्ध्या स्वराचा फरक. म्हणजे मला वाटतं तुझं रेकॉर्डिंग दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे लोंबकळतंय, एका अ‍ॅपने खाली ओढलं, एकाने वर. सुरुवातीला नुसता तानपुरा असेल तिथे ट्यूनर लाव आणि काय येतं ते सांग.

मीरा_पार्ले

अनाहत, तानपुऱ्याचं अजून स्पष्ट करते. मालकंसात पंचम, म्हणजे प, वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. म सा सा सा. आता मध्यमापासून वरचा सा मोजला तर ते अंतर सा-प चं आहे. ज्याला आधी राग माहीत नाही त्याला, मग तो माणूस असो की मशीन, मध्यमच सा वाटू शकतो आणि खरा सा त्याचा पंचम.

आणि फेडर, तुम्ही खाली एफ शार्पचा बास लावलात म्हणजे तेच केलंत, मध्यमाला सा करून टाकलंत. मग बघा काय होतं, सा चा झाला प, कोमल ग चा कोमल नि, म चा सा, कोमल ध चा कोमल ग, कोमल नि चा म. सा ग म प नि, ग नि कोमल. हा धानी झाला. मालकंसाचा गंभीरपणा गेला आणि धानीचा हलकेपणा आला असं तुम्हाला वाटलं ते कानाने बरोबर पकडलंत. गाणारे बुवा मालकंसच गातायत, पण तुम्ही त्यांच्या पायाखालची जमीन बदललीत.

स्वर तेच ठेवून सा बदलायचा, याला मूर्च्छना म्हणतात, गुरूंकडे हे आधी गळ्याने करून घेतात. भूप रागाचा रिषभ (रे) सा केला की मध्यमाद सारंग, गंधार (ग) केला की मालकंस, पंचम केला की दुर्गा, धैवत (ध) केला की धानी. पाचही रागांत पेटीवरच्या पट्ट्या त्याच.

फेडर_गोरेगाव

बापरे, धानीच. आत्ता परत ऐकलं, एकदम क्लिअर झालं. मीराताई खूप धन्यवाद.

अनाहत, ट्यूनर लावला. सुरुवातीच्या तानपुऱ्यात सा येतोय सी शार्पच्या ५० सेंट वर (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अगदी मध्ये. शेवटाकडे तर अजून वर सरकलेला दिसतोय.

टेपवाले_काका

बाळा, हे कॅसेटचं काम आहे, गायकाचं नाही. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने जायला हवी. रेकॉर्ड करताना मशीन हळू चालत असेल, सेल उतरत आलेले असतील किंवा पट्टा सैल झालेला असेल, तर आज तू चांगल्या डेकवर वाजवलीस की ती वेगात वाजणार आणि सूर चढणार. आणि सेल वाजता वाजता उतरत असतील तर मशीन अजून अजून हळू होत जातं, म्हणून आज ऐकताना शेवटाकडे सूर अजून चढलेला लागतो. तू सांगतोयस ते लक्षण तेच आहे. गाणारा माणूस पेटीबरोबर असा हळूहळू चढत जात नाही, पेटी त्याला जाऊ देणार नाही.

तपासायची एक खात्रीची जागा आहे. त्या खोलीत ट्यूबलाइट असेल, पंखा असेल, माइकची वायर विजेच्या वायरीजवळून गेली असेल, तर टेपवर विजेचा बारीक घूं आवाज उतरलेला असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचं चित्र, उघड, खालच्या टोकाला ५० च्या आसपास आडवी रेघ दिसेल, शिवाय १०० आणि १५० ला. ती रेघ ५० वर नसून वर-खाली असेल तर टेप तेवढी वेगात किंवा हळू. फक्त बघ, तू उतरवताना तुझ्या डेकचा स्वतःचा हम आला असेल तर एक रेघ बरोबर ५० ला सरळ दिसेल, ती सोड, दुसरी शोध.

फेडर_गोरेगाव

काका दोन रेघा आहेत! एक ५० ला सरळ. दुसरी सुरुवातीला ५१.५ च्या आसपास आणि शेवटी ५२ च्या जवळ जाते, वाकडी होत होत.

टेपवाले_काका

मग झालंच. ५१.५ म्हणजे तीन टक्के वेगात. तीन टक्के म्हणजे साधारण ५१ सेंट. तुझ्या ट्यूनरने काय सांगितलं? ५० वर. म्हणजे खरा सा काळी एक.

मात्र एक ध्यानात ठेव, त्या काळात आपल्या विजेच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी चांगलीच हलायची, वीज नेमकी ५० असेलच असं नाही. म्हणून एकट्या हमवर विसंबू नको.

सुरपेटी

इथे पेटी कामाला येते. गायक पेटीच्या साथीने गातोय म्हणजे सा पेटीच्या कुठल्यातरी पट्टीवरच असणार, दोन पट्ट्यांच्या मधे सूर लावून कोणी पेटीवाल्याला बसवत नाही. म्हणजे पर्याय दोनच, काळी एक किंवा पांढरी दोन. पांढरी दोन असती तर टेप हळू वाजत असायला हवी होती आणि हमची रेघ ५० च्या खाली दिसली असती. ती वर आहे. ग्रिड थोडी इकडेतिकडे धरली तरी दिशा बदलत नाही. काळी एकच. पुरुष आवाजाला ही पट्टी नेहमीची आहे.

सुधारताना वेगच बदल, नुसता पिच बदलायचा नाही. टेप वेगात गेली म्हणजे सूर आणि लय दोन्ही चढलेत, दोन्ही एकत्रच खाली यायला हवेत. सुरुवातीला साधारण २.९ टक्के कमी आणि शेवटाकडे हळूहळू ३.८ पर्यंत, रेघ सरळ होईपर्यंत.

दादर_टीटी

धागा जबरदस्त चाललाय. एक आठवलं म्हणून लिहितो, राग आणि यंत्र एकत्र आणायचं काम आपल्या मुंबईतच चरणजीत सिंग यांनी १९८२ साली केलंय, दहा राग, रोलंडचा बास सिंथ टीबी-३०३ आणि ड्रम मशीन टीआर-८०८, खाली डिस्कोचा ठोका. तेव्हा फार कोणी विचारलं नाही, २०१० मध्ये परत निघाल्यावर जगभर चर्चा झाली. फेडरने ते ऐकलं असेलच. पण तिथे सगळं त्यांनी स्वतः सिंथवर वाजवलंय, सा त्यांच्या हातात होता. इथे गाणारे बुवा कित्येक वर्षांपूर्वी गाऊन गेलेत, त्यांच्या सा ला आपण जाऊन मिळायचंय, तो फरक मोठा आहे.

माझ्याकडे चोर बाजारातून घेतलेल्या काही जुन्या ७८ च्या तबकड्या आहेत, त्यांनाही हेच लागू का?

टेपवाले_काका

तबकड्यांना तर जास्तच. लेबलवर ७८ असलं तरी जुन्या तबकड्या ७८ च्या वर-खाली कापलेल्या असायच्या. सहा टक्के फरक पडला की अख्खा अर्धा स्वर जातो. त्यात हम नसतो, कारण सुरुवातीच्या तबकड्या विजेच्या माइकशिवाय भोंग्यासमोर गाऊन केलेल्या, तिथे पेटीवरूनच अंदाज घ्यायचा. त्याचा वेगळा धागा काढ, इथे नको.

फेडर_गोरेगाव

वेग सुधारला. सा आता बरोबर सी शार्पवर बसतोय. आणि गंमत म्हणजे आता दोन्ही अ‍ॅप एकमताने ११ए म्हणतायत, म्हणजे एफ शार्प मायनर, मीराताईंनी सांगितलेला मध्यम. म्हणजे मी हे १२ए, सी शार्प मायनर म्हणून हाताने लिहून ठेवू का? आणि खाली सी शार्प मायनरचा पॅड (लांब धरलेली कॉर्ड) लावू?

अनाहत_पवई

नोंदीसाठी १२ए लिही, पण पॅड लावायच्या आधी थांब. सी शार्प मायनरच्या कॉर्डमध्ये काय आहे? सी शार्प, ई, जी शार्प. जी शार्प म्हणजे पंचम. जो पंचम टाळायला बुवांनी तानपुऱ्याची तार बदलून घेतली तोच तू पूर्ण वेळ खाली धरून ठेवणार. चक्राच्या हिशोबाने ते शंभर टक्के मॅच आहे आणि रागाच्या हिशोबाने सगळ्यात मोठी चूक.

कॉर्ड नकोच. नुसता सा, किंवा सा आणि त्याच्या वर मध्यम. मध्यम सा च्या खाली घेतलास तर परत धानीकडे झुकेल, म्हणून खालून सा, वरून म.

बाससाठी साधी साइन वेव्ह घे. सॉ वेव्ह घेतलीस किंवा डिस्टॉर्शन लावलंस तर तिसरा हार्मॉनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा उपसूर, वाढतो आणि सी शार्पचा तिसरा हार्मॉनिक म्हणजे जी शार्प, म्हणजे पंचमच मागच्या दाराने आत.

सुरपेटी

अनाहत, तत्त्वतः बरोबर पण इतकं घाबरवू नको त्याला. तानपुऱ्याच्या सा च्या तारेतही तो तिसरा हार्मॉनिक असतोच, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, चांगली असेल तर चांगला ऐकू येतो, आणि तरीही मालकंस मालकंसच राहतो. स्वतंत्र स्वर म्हणून पंचम उभा राहू नये इतकं बघितलं की पुरे. साइन घे, हे मान्य, पण मुख्यतः म्हणून की ती तबल्याच्या डग्ग्याशी कमी भांडते.

मला जास्त काळजी सिंथच्या ट्यूनिंगची आहे. सिंथ समान अंतरावर ट्यून असतो, सगळे अर्धे स्वर १०० सेंटचे. गाणारा असा गात नाही. कोमल गंधार तानपुऱ्याशी नीट मिळवला तर साधारण ३१६ सेंटवर लागतो, सिंथचा ३०० वर. कोमल धैवत ८१४ आणि ८००. म्हणजे तू ते स्वर लांब धरून ठेवलेस की बुवांच्या स्वराशी घासणार, एक प्रकारचं थरथरणं ऐकू येईल आणि बुवाच बेसूर वाटायला लागतील. मध्यम मात्र ४९८ आणि ५००, दोन सेंट, कोणाला कळणार नाही. आणि सा तर सा च आहे. त्यामुळे तू फक्त सा आणि म वाजव हा सल्ला दोन्ही बाजूंनी बरोबर येतो, रागाच्या आणि ट्यूनिंगच्या. ग ध नि हे बुवांचे, त्यांना एकट्याला वावरू दे.

मीरा_पार्ले

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतेय. आलापीखाली काही वाजवायची गरजच काय? तुमच्याकडे दोन तानपुरे आहेत त्या रेकॉर्डिंगमध्ये. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कोणी छेडलेला नसतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आणि तो शुद्ध गंधार! मालकंसात कोमल गंधार गाताना गायक त्या स्वयंभू गंधारापासून अंतर राखून कोमल लावतो, तो ताण हीच मालकंसाची जादू आहे. तुमचा बास आला की हे बारीक सगळं झाकलं जाणार. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळीकडे आता कशाच्याही खाली बास घालतात.

निदान सुरुवात तरी नुसती ऐकवा. आणि हो, संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाची सुरुवात मालकंसने? हा मध्यरात्रीच्या सुमाराचा राग आहे. शेवटी ठेवा ना.

फेडर_गोरेगाव

ताई, तुमचं म्हणणं पटतंय आणि मी ते अर्धं घेतो. औचार (सुरुवातीची छोटी आलापी) आणि पहिली काही आवर्तनं (तालाची पूर्ण चक्रं) पूर्ण मोकळी ठेवतो, एकही आवाज माझा नाही. पण त्यानंतर मला खालून आधार द्यायचाय, कारण आमच्या कार्यक्रमाला येणारी पोरं पंचवीस-सव्वीसची आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी एक अख्खा विलंबित ख्याल कधी बसून ऐकलेला नाही, आणि मला ते त्यांना शेवटपर्यंत ऐकवायचंय. बास त्यांना धरून ठेवतो हे मी बघितलंय. राग मोडणार असेल तर मी बास काढीन, पण न मोडता जमत असेल तर मला करायचंय.

क्रम उलटा करतो, मालकंस शेवटी. मग आता प्रश्न उलटा झाला, मालकंसमध्ये येऊ कुठून? माझा स्वतःचा एक सिंथचा तुकडा आहे, तो कुठल्याही पट्टीत वाजवता येतो.

अनाहत_पवई

मग तुझा ११ए इथे वापर. तुझा तुकडा काळी तीनवर, एफ शार्पवर, धानीच्या स्वरांत बांध. सा ग म प नि. स्वर मालकंसचेच आहेत. मग खालून एफ शार्प हळूहळू कमी करत ने, बुवांचा म-सा चा तानपुरा आत येऊ दे, त्यात एफ शार्प आहेच पण आता सी शार्प जास्त. काही क्षण ऐकणाऱ्याला कळणार नाही सा कुठला, आणि बुवांनी पहिला षड्ज लावला की सगळं जागेवर पडेल. शेजारचा नंबर मिसळतो हा डीजेंचा नियम इथे खरंच संगीताच्या अर्थानेही लागू होतो, कारण जुना सा नव्या रागात मध्यम म्हणून शिल्लक राहतो.

१ए कडून मात्र येऊ नको. तोही १२ए चा शेजारीच आहे, पण तो काळी चारचा, म्हणजे तुझ्या मालकंसचा पंचम. चक्राला दोन्ही शेजारी सारखेच, रागाला नाहीत.

बाय द वे, ज्यांना यंत्राकडून खरा सा काढून घ्यायचाय त्यांच्यासाठी, बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प झाला, पवईची आयआयटीही त्यात होती. तिथल्या लोकांनी तानपुऱ्याच्या स्वरांवरून षड्ज ओळखायची पद्धत काढली आणि ती एसेन्शिया नावाच्या मोफत लायब्ररीत आहे. थोडं पायथन येत असेल तर वापरता येते. कान तयार असेल तर त्याचीही गरज नाही.

मीरा_पार्ले

धानीतून मालकंस! हे मला आवडलं. मूर्च्छनाच झाली ही सरळ. आता मी कार्यक्रमाला येणार.

ठेका_गिरगाव

सगळे सुरावर बोलतायत, लयीकडे कोणी बघणार आहे का? ६० आणि १२२ वर काही बोललंच नाही कोणी.

फेडर, एक आवर्तन किती सेकंदाचं आहे ते मोज. समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, धिंपासून पुढच्या समेच्या धिंपर्यंत.

फेडर_गोरेगाव

वेग सुधारल्यावर सुरुवातीला ४८ सेकंदाच्या आसपास, शेवटी ४० होतं.

ठेका_गिरगाव

म्हणजे एकतालाच्या १२ मात्रा, ४८ सेकंद, एक मात्रा चार सेकंदाची. मिनिटाला १५. हा तुझा खरा बीपीएम. अ‍ॅपला इतकं हळू काही असू शकतं हेच माहीत नसतं, ते बरेचदा याच्या कितीतरी वरच शोधतं. आणि त्याला ६० कुठून सापडले? ठेका बघ, धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. चौथ्या आणि दहाव्या मात्रेला तिरकिट, एका मात्रेत चार अक्षरं. मधल्या मोकळ्या जागेतही तबलजी चार-चार, आठ-आठचा भरणा करतो. अ‍ॅप टोकदार आवाज पकडतं, त्याला हेच आवाज टोकदार. १५ चे चार पट ६०, आठ पट १२०. दुसऱ्या अ‍ॅपचे जे वरचे दोन आहेत ते टेपच्या वेगाचे समज, १२० ला तीन टक्के वर म्हणजे १२३ च्या जवळ जातं.

आता महत्त्वाचं. लय वाढते. ४८ वरून ४० म्हणजे १५ वरून १८, आणि तुझे ६० चे ७२ होणार. त्यात टेपचं आता काही नाही, तू ते काढलंस, हे बुवा आणि तबलजी मिळून वाढवतायत आणि तशीच वाढायला हवी. म्हणून तबल्याला सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या खुणांवर (ग्रिडवर) ओढून बसवू नको. लोक करतात हे, प्रत्येक मात्रा ताणून सरळ करतात, मग तिरकिट चिरडल्यासारखं वाजतं आणि बुवांच्या मींडी (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मधेच वाकतात. उलट कर, तुझा सिंथ तबल्यामागे लाव. सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप कर, खुणा फक्त समेला, मधल्या मात्रांना नाही. समेसमेत लय सारखी धरली तरी विलंबितात फरक कळत नाही.

आणि समेची खूण तबल्याच्या धिंवर लाव, गळ्यावर नाही. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन येताना बुवा कधी समेच्या किंचित आधी पोचतात, कधी मुद्दाम थोडं मागे राहतात, तेच तर सौंदर्य आहे.

फेडर_गोरेगाव

दादा, हे सोन्यासारखं आहे. एक शंका, माझ्या सिंथचे पल्स चार-चारच्या पॅटर्नमध्ये असतात. एकतालात ते बसतील?

ठेका_गिरगाव

एकतालात बसतात. १२ मात्रा, चारचे तीन भाग, दर समेला तू पण एकावर येतोस. तीनतालात १६, चारचे चार. झपतालात मात्र १० मात्रा, चारचा पॅटर्न दोन आवर्तनांनीच समेला भेटणार. रूपकात ७, तिथे चार आवर्तनं थांबावं लागतं आणि त्यातही रूपकाची सम खाली असते, तिथे दणका दिलास तर ठेका उलटा वाटतो. उस्ताद अमीर खाँ साहेबांचा आवडता अतिविलंबित झुमरा घेतलास तर १४ मात्रा आणि प्रत्येक मात्रा इतकी लांब की पल्स लावायचा विचारही करू नको.

पण बसतात म्हणून प्रत्येक चारला ठोका देऊ नको. एकतालाला त्याचे स्वतःचे विभाग आहेत, दोन-दोनचे सहा. चारचा ठोका ऐकू आला की त्याचे विभाग पुसले जातात.

अनाहत_पवई

+१. आणि आवाज वेगळे करायचं एआयचं सॉफ्टवेअर वापरून तबला काढून टाकायचा मोह होईल, तो टाळ. ती बहुतेक आवाज, ड्रम, बास आणि बाकीचं अशी चार भागांत तोडतात आणि पाश्चात्त्य गाण्यांवर शिकवलेली असतात. डग्ग्याचा घुमारा बासमध्ये जातो, चाट ड्रममध्ये, पेटी गळ्याला चिकटून राहते, तानपुरा सगळीकडे थोडा थोडा सांडतो. परत एकत्र केलं की ते पहिल्यासारखं लागत नाही. अखंडच ठेव.

टेपवाले_काका

आणि कॉम्प्रेसर अगदी हलका. जोरात लावलास तर डग्ग्याच्या प्रत्येक घे ला तानपुरा खाली दबतो आणि मग उसळी घेतो, ते कानाला त्रास देतं. ४० हर्ट्झच्या खाली काप, टेपचा घरघराट तिथेच असतो. हमची रेघ बारीक नॉच फिल्टरने काढ, पण रुंद कापू नको, डग्गा तिथेच राहतो.

बाळा, अजून एक, गाणारे बुवा किंवा त्यांच्या घरचे हयात असतील तर त्यांना विचार. घरगुती बैठक होती, तिकीट लावून लोकांना ऐकवायला ते गायले नव्हते. कायद्यातही कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो.

फेडर_गोरेगाव

काका, त्यांच्या मुलीशी बोलून झालंय, आईच्या ओळखीतून. त्यांनी आनंदाने हो म्हटलं, फक्त एक अट घातली की बाबांचं गाणं मधे तोडायचं नाही. तोडणार नाही, ख्याल पूर्ण वाजणार.

तर आता असं ठरवतोय. धानीचा तुकडा काळी तीनवर, त्यातून तानपुरा वर, मग बुवांचा औचार पूर्ण मोकळा, स्थायीची (बंदिशीच्या पहिल्या भागाची) पहिली काही आवर्तनं मोकळी, मग सा ची साइन, अगदी दबलेली, आणि वर कधीतरी मध्यम. पल्स अंतऱ्यानंतर (बंदिशीच्या दुसऱ्या भागानंतर), तोपर्यंत ठोका नाही. ठेकादादा, पल्स आणायचा तो कुठून आणू? समेवरच सुरू करू का?

ठेका_गिरगाव

समेवर नको. सम बुवांची आहे, तिथे लोकांचं लक्ष त्यांच्या मुखड्यावर हवं. दहाव्या मात्रेच्या तिरकिटपासून अगदी बारीक आण, तिथे तबलजी स्वतःच चार अक्षरं देतोय, तुझा पल्स त्याच्या आत लपेल. मग धी, ना, आणि सम. समेनंतर हळू वर घे. आणि अंतरा संपल्यावर बुवा स्थायीवर परत येतात त्या पहिल्या आवर्तनात नको, दुसऱ्यात आण. फाइल पाठव, खुणा मी लावून देतो, रविवारी दुपारी मोकळा आहे.